सेल किती, व्होल्ट किती: सेल जोडून हवे ते व्होल्टेज मिळवण्याची रीत

नऊ व्होल्टची चौकोनी अल्कलाइन बॅटरी उघडून पाहिली, तर आत ९ व्होल्ट देणारी अशी एकही वस्तू सापडत नाही. सापडतात ते दीड-दीड व्होल्टचे सहा सेल, एकापुढे एक जोडलेले. तिच्या अंगावर छापलेले ६एलआर६१ हे नावही तेच सांगते: ६ म्हणजे एकसर जोडलेले सहा सेल, एल म्हणजे अल्कलाइन, आर म्हणजे गोल सेल. ६एफ२२ असे लिहिले असेल तर सहा चपटे सेल एकावर एक रचलेले असतात. ४एलआर४४ म्हणजे चार बटण-सेल, एकूण ६ व्होल्ट. मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात. जुन्या धाटणीच्या बॅटरीवर पाणी घालायची सहा बुचे असतात ती त्यामुळेच.

कुठल्याही बॅटरीबद्दल आधी दोनच प्रश्न विचारायचे: आत रसायन कोणते, आणि सेल किती? पॅक बांधायचा असो, बदलायचा असो की बिघाड शोधायचा असो, सुरुवात इथूनच होते.

आकडा रसायन ठरवते, आकार नाही

जस्त आणि तांब्याचा डॅनियल सेल घ्या. तांब्याचे प्रमाणित विभव (ठरावीक परिस्थितीत मोजलेले धातूचे व्होल्टेज) +०.३४ व्होल्ट आणि जस्ताचे −०.७६ व्होल्ट. दोहोंतला फरक १.१० व्होल्ट, आणि तेच त्या सेलचे व्होल्टेज. भांडे पेल्याएवढे घ्या की पिंपाएवढे, या आकड्यात फरक पडत नाही. मोठा सेल जास्त वेळ पुरतो आणि जास्त करंट देऊ शकतो, इतकेच. म्हणून बारीक पेन्सिल सेल आणि मोठ्या टॉर्चचा जाडजूड सेल दोन्ही दीड व्होल्टचेच. जास्त व्होल्ट हवे असतील तर सेल एकापुढे एक लावण्यावाचून गत्यंतर नाही. व्होल्टाने १८०० मध्ये जगापुढे मांडली ती अशीच चळत होती: दोन धातूंच्या चकत्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कापड, आणि अशा कितीतरी जोड्या एकमेकींवर.

हाताशी येणाऱ्या सेलांचे आकडे असे आहेत. प्रत्येकाला तीन आकडे आहेत हे नीट पाहा: छापील, पूर्ण भरलेला, आणि जिथे वापर थांबवायचा तो.

- अल्कलाइन: छापील १.५ व्होल्ट, नवा कोरा १.६ च्या आसपास, ०.९ ला संपलेला.
- निकेल मेटल हायड्राइड: छापील १.२, चार्जरवरून उतरताच १.४ ते १.४५, थांबायचे १.० ला.
- शिसे-आम्ल: छापील २, चार्जनंतर काही तास स्वस्थ ठेवल्यावर २.१, भार (म्हणजे करंट ओढणारे उपकरण) चालू असताना थांबायचे १.७५ ला.
- नेहमीचा लिथियम-आयन: छापील ३.६ किंवा ३.७, पूर्ण भरलेला ४.२, थांबायचे ३.० ला.
- लिथियम आयर्न फॉस्फेट: छापील ३.२, चार्जिंगची कमाल ३.६५, थांबायचे २.५ ला.

छापील आकडा फक्त ओळखीपुरता. तीन लिथियम-आयन सेलांच्या पॅकवर ११.१ व्होल्ट लिहिलेले असते, पण तो १२.६ पासून ९ पर्यंत उतरत जातो. उपकरणाला तोंड द्यावे लागते ते या सगळ्या पल्ल्याला. कॉर्डलेस ड्रिलच्या पॅकवर कुठे १८ तर कुठे २० लिहिलेले असते. दोन्हींत बहुधा पाचच सेल असतात. एकाने ३.६ ने गुणलेले असते, दुसऱ्याने ४ ने. चार्जरवरून काढल्यावर दोन्ही २१ च दाखवतात.

एकसर आणि समांतर

एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला, ही एकसर जोडणी, बोलण्यात सिरीज. यात व्होल्ट बेरजेने वाढतात. करंट सगळ्या सेलांतून तोच वाहतो, म्हणून अँपिअर-तास (किती अँपिअर किती तास मिळतील याचे माप, म्हणजे क्षमता) वाढत नाहीत. २ अँपिअर-तासांचे चार सेल एकसर लावले तरी पॅक २ अँपिअर-तासांचाच.

धनाला धन आणि ऋणाला ऋण, ही समांतर जोडणी किंवा पॅरलल. व्होल्ट एका सेलचेच राहतात, अँपिअर-तासांची बेरीज होते. पॅकचे वर्णन ‘४एस २पी’ असे करतात: दोन-दोन सेल समांतर, आणि अशा चार जोड्या एकसर.

एकूण ऊर्जा मात्र जोडणीने बदलत नाही. ३.६ व्होल्ट, २.५ अँपिअर-तास म्हणजे एका सेलमागे ९ वॉट-तास. आठ सेल कसेही जोडा, ७२ वॉट-तासच. पॉवर बँकेचे कोडे इथेच सुटते. तिच्यावरचे १०,००० मिलिअँपिअर-तास आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलांचे असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्ट करून दिले की तेच ७,४०० होतात. व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमधले नुकसान त्यातून आणखी वजा.

अंतर्गत रोधाचा, म्हणजे सेल स्वतःच करंटला जो अडथळा करतो त्याचा, हिशेबही धरायला हवा. एकसर जोडणीत सेलांचे रोध बेरजेने वाढतात, समांतरमध्ये कमी होतात. सहा बारीक सेलांच्या ९ व्होल्टच्या बॅटरीचा रोध दीड-दोन ओहम धरला, तर अर्धा अँपिअर ओढताच पाऊण ते एक व्होल्ट आतच खर्च होतो. मोटर चालवायला ही बॅटरी निकामी ठरते ती त्यामुळे. व्होल्ट पुरेसे असतात, पण मोटर फिरायला लागली की ते जागेवर राहत नाहीत.

उलटे गणित: उपकरणापासून सेलांकडे

समजा, उपकरण १० ते १५ व्होल्टवर चालते, १.५ अँपिअर घेते, आणि ते ४ तास चालायला हवे. साधारण १२ व्होल्ट धरून लागणारी ऊर्जा १२ × १.५ × ४ = ७२ वॉट-तास. आता एकेक रसायन लावून पाहू.

आठ अल्कलाइन: नवे असताना १२.८, ठीक. पण १० व्होल्टची खालची मर्यादा म्हणजे सेलमागे १.२५, आणि तिथे सेलमध्ये बरीच शक्ती शिल्लक असते. ती वाया जाईल. शिवाय दीड अँपिअर हा पेन्सिल सेलांना झेपणारा भार नाही. बाद.

दहा निकेल मेटल हायड्राइड: १४.५ पासून १० पर्यंत, पल्ला अगदी चपखल. अडचण क्षमतेची आहे. ६ अँपिअर-तासांसाठी (१.५ × ४) २ अँपिअर-तासांच्या तीन माळा समांतर लागतील, आणि हे सेल समांतर ठेवून चार्ज करणे धोक्याचे. सेल भरला आणि तापला की त्याचे व्होल्टेज किंचित घसरते, मग आधीच भरलेली माळ उलट जास्तच करंट ओढू लागते. प्रत्येक माळ वेगळी चार्ज करायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

तीन लिथियम-आयन: १२.६ ते ९. उपकरण १० ला, म्हणजे सेलमागे ३.३३ ला बंद पडेल. थोडी क्षमता वापराविना राहील, पण चालेल. चार लावले तर १६.८. उपकरण जळेल. ‘४ × ३.७ म्हणजे १४.८, बसतंय की’ हा हिशेब छापील आकड्यावरचा, म्हणून फसवा.

चार आयर्न फॉस्फेट: कमाल १४.६, किमान १०. वरही बसते, खालीही. निवड हीच. ३२७०० आकाराचा (३२ मिमी व्यास, ७० मिमी लांबी) ६ अँपिअर-तासांचा सेल घेतला तर चार सेलांत ७६.८ वॉट-तास मिळतात. हे काठोकाठ झाले. सेल जुने झाल्यावर पुरणार नाही. म्हणून ४एस २पी, आठ सेल, १५३.६ वॉट-तास.

याच रीतीने बाजारातले मोठे पॅकही वाचता येतात. ३६ व्होल्टचा सायकलचा लिथियम-आयन पॅक म्हणजे दहा सेल, पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. ४८ चा म्हणजे बहुधा तेरा सेल, ५४.६. आयर्न फॉस्फेटचे सोळा सेल म्हणजे ५१.२, चार्जिंगला ५८.४. चार्जरवर छापलेला आकडा या शेवटच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे.

पॅक बांधताना

वरचाच ४एस २पी पॅक घेऊ. साहित्य: एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे आठ सेल, चार सेलांची, आयर्न फॉस्फेटसाठीचीच, १० अँपिअरची बीएमएस पाटी (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टम: प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर नजर ठेवून वेळीच चार्जिंग किंवा वापर तोडणारे सर्किट), शुद्ध निकेलची ०.१५ मिमी जाड, ८ मिमी रुंद पट्टी, धन टोकावर बसणाऱ्या इन्सुलेटिंग कागदाच्या चकत्या, १ चौरस मिमी तांब्याची वायर, ५ अँपिअरचा फ्यूज, १४.६ व्होल्टचा चार्जर, मल्टिमीटर. लिथियम-आयनची आणि फॉस्फेटची बीएमएस दिसायला सारखीच असते. पहिली ४.२ च्या पुढे गेल्याशिवाय चार्जिंग तोडत नाही, म्हणजे फॉस्फेट सेलचे संरक्षण शून्य. वर्णन वाचल्याशिवाय पाटी घेऊ नका.

१. सेल समपातळीवर आणा. बहुतेक जण इथेच फसतात. आयर्न फॉस्फेटचे व्होल्टेज मधल्या मोठ्या पल्ल्यात ३.२ ते ३.३ च्या दरम्यानच रेंगाळते. एक सेल तीस टक्के आणि दुसरा सत्तर टक्के भरलेला असूनही मीटर जवळपास तोच आकडा दाखवतो. म्हणून सगळे सेल एकेक करून ३.६५ पर्यंत पूर्ण भरा आणि काही तास तसेच ठेवा. पाटीवर विसंबू नका: साधी बीएमएस भरलेल्या सेलातून काही दहा मिलिअँपिअरच जिरवते. १ अँपिअर-तासाचा फरक ५० मिलिअँपिअरने भरून निघायला २० तास लागतात, तेही चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात.

२. सेल तपासा. भरलेले सेल दोन आठवडे बाजूला ठेवा. बाकीच्यांपेक्षा ज्याचे व्होल्टेज ठळक घसरले, तो आतून गळतो आहे. तो पॅकमध्ये नको. क्षमता मोजता येत असेल तर जोड्या अशा लावा की प्रत्येक जोडीची बेरीज सारखी येईल. सर्वांत मोठ्याबरोबर सर्वांत लहान.

३. चकत्या चिकटवा. दंडगोल लिथियम सेलचे सगळे बाहेरचे भांडे ऋण असते, आणि धन टोकाभोवतीची कडसुद्धा. धन बटण आणि ऋण कड यांच्यात फक्त एका मिलिमीटरभराची फट आणि वरचे प्लास्टिक असते. पट्टी कडेवर दाबली गेली, प्लास्टिक झिजले, की थेट शॉर्ट. ही कागदी चकती म्हणजे पॅकमधला सर्वांत स्वस्त विमा.

४. आधी समांतर, मग एकसर. समांतर जोडण्यापूर्वी दोन्ही सेलांचे व्होल्टेज मोजा, फरक ०.०५ च्या आत असावा. एक लिथियम-आयन सेल ४.१ वर आणि दुसरा ३.५ वर, दोघांचा मिळून रोध ०.०५ ओहम, तर जोडताक्षणी ०.६ ÷ ०.०५ = १२ अँपिअर एकाकडून दुसऱ्याकडे धावतात. जोड्या तयार झाल्या की त्या एकसर लावा. उलट क्रमाने, म्हणजे चार-चार सेलांच्या दोन माळा करून त्या समांतर जोडल्या, तरी बाहेर तेच व्होल्ट मिळतात. पण मग आठही सेलांवर वेगवेगळी नजर ठेवावी लागते. समांतर जोडीतले दोघे आपापसात समपातळीवर राहतात, म्हणून चारच ठिकाणी मोजले तरी भागते.

५. जोड स्पॉट वेल्डिंगने द्या. सेलवर थेट डाख देऊ नका. उष्णता धन-ऋण भाग वेगळे ठेवणाऱ्या आतल्या पडद्यापर्यंत पोचते आणि ते नुकसान बाहेरून दिसत नाही. वेल्डिंगची साधने नसतील तर पट्टी आधीच वेल्ड केलेले सेल घ्या आणि डाख पट्टीच्या मोकळ्या टोकावर द्या. काम करताना अंगठी, घड्याळ, कडे उतरवून ठेवा.

६. बीएमएसच्या वायर. चार सेलांना पाच वायर लागतात: एक सर्वांत खालच्या ऋणाला, आणि मग प्रत्येक जोडीच्या धनाला एकेक. कनेक्टर पाटीत खोचण्याआधी मोजा. ऋणापासून चढत्या क्रमाने साधारण ३.३, ६.६, ९.९, १३.२ यायला हवे. एक जरी आकडा वेडावाकडा आला तर वायरींची अदलाबदल झाली आहे. तशीच खोचली तर पाटी त्याच क्षणी जाते. पॅकचे मुख्य ऋण पाटीच्या ‘बी वजा’ला, आधी. मग कनेक्टर. भाराचे ऋण ‘पी वजा’वर.

७. फ्यूज पॅकच्या धन टोकाला लागून. उपकरणाजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी राहते; ती कुठे कापली गेली तर फ्यूज काहीच करत नाही.

८. पहिले चार्जिंग समोर बसून करा. शेवटी चारही जोड्या मोजा. एक जोडी ३.६५ ला पोचून पाटीने चार्जिंग तोडले आणि बाकीच्या ३.४ वरच असतील, तर पहिली पायरी नीट झालेली नाही. पॅक परत उलगडा.

शिसे-आम्ल बॅटऱ्या समांतर लावताना आणखी एक तपशील लागतो. उपकरणाचे धन पहिल्या बॅटरीला आणि ऋण शेवटच्या बॅटरीला जोडा, म्हणजे तिरके. दोन्ही वायर एकाच बॅटरीवर घेतल्या तर तीच जास्त राबते आणि आधी मरते. दूरची अर्धवट भरलेलीच राहते.

मीटर काय सांगतो

चार सेलांच्या खोक्यात ६ ऐवजी ३ व्होल्ट दिसतात: एक सेल उलटा आहे. तीनांची बेरीज ४.५, त्यातून उलट्याचे १.५ वजा. शून्य येत असेल तर बहुतेक कुठेतरी स्प्रिंग टेकत नाही.

भाराविना व्होल्टेज भरपूर, भार लावला की कोसळते. सेलवर खापर फोडण्याआधी स्प्रिंगा पाहा. सहा सेलांच्या खोक्यात बारा टेकण्याच्या जागा असतात. गंजामुळे प्रत्येकी ०.०५ ओहम जरी वाढले तरी ०.६ ओहम, आणि एका अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच गेले. पांढरी पावडर दिसली तर ती अल्कलाइन सेलमधून झिरपलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडची हवेशी झालेली क्रिया आहे. हातमोजे घालून व्हिनेगरच्या ओल्या बोळ्याने पुसा, मग पाण्याच्या बोळ्याने, आणि पूर्ण वाळू द्या.

झिरपण्याचे कारण बहुधा जुन्या-नव्याची भेसळ असते. तीन ताजे आणि एक संपलेला सेल एकसर असले की ताजे तिघे संपलेल्यातून करंट ढकलत राहतात. त्याचे व्होल्टेज शून्याच्या खाली जाते, आत वायू तयार होतो, आणि सील फुटते. म्हणून संच पूर्ण बदलायचा. बाहेर काढलेले तीन चांगले सेल भिंतीच्या घड्याळात एकेकटे निवांत चालतात.

पेन्सिल सेलाच्याच मापाचा १४५०० हा लिथियम-आयन सेल मिळतो. तो खोक्यात सहज बसतो आणि दीडच्या जागी ३.७ व्होल्ट देतो. दिव्याचा किंवा खेळण्याचा धूर निघायला एवढे पुरते.

२४ व्होल्टसाठी दोन १२ च्या बॅटऱ्या एकसर आहेत, आणि कुणी तरी खालच्या बॅटरीवरून १२ व्होल्टचा दिवा काढला आहे. हे जोडकाम सर्रास दिसते. खालची बॅटरी रोज जास्त रिकामी होते, पण चार्जर दोघींना मिळून २८.८ देतो. मग खालची १३.८ वर अडते आणि वरची १५ वर उकळते. १२ व्होल्ट हवे असतील तर पूर्ण २४ वरून कन्व्हर्टर लावून घ्या.

दोन तयार लिथियम पॅक एकसर जोडण्याआधी त्यांच्या माहितीपत्रकात तशी परवानगी शोधा. एका पॅकची बीएमएस जोड तोडते तेव्हा तिच्यातल्या मॉसफेटवर (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) संपूर्ण माळेचे व्होल्टेज येते. त्या मॉसफेट एका पॅकपुरत्या निवडलेल्या असतील तर जळून शॉर्ट होतात, आणि त्यानंतर संरक्षण उरत नाही. माळ ६० व्होल्टच्या पुढे गेली की झटक्याचा प्रश्नही सुरू होतो. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, म्हणून घरातल्या एसीच्या बटणाने असा भार तोडू नका. डीसी रेटिंगचाच स्विच हवा.

मीटर वापरताना लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे दर वेळी पाहा. त्या स्थितीत मीटर म्हणजे निव्वळ तार. लिथियम पॅकवर टेकवली तर मीटरचा फ्यूज जातो, आणि फ्यूज नसलेला स्वस्त मीटर हातातच फुटू शकतो.

जुन्या पॅकमधला नेमका दोषी सेल शोधायचा तर भार चालू ठेवून प्रत्येक जोडी वेगळी मोजा. विश्रांतीत सगळ्या सारख्या दिसतात; भाराखाली एकच ०.३-०.४ व्होल्टने खाली बसते, तीच ती. तिच्या जागी कोरी नवी जोडी घातली तर पॅक पुन्हा चालू होतो, पण चार्ज आणि वापर दोन्ही आता जुन्या जोड्यांच्या क्षमतेवरच थांबतात, आणि नव्या सेलांची जादा क्षमता कधीच वापरात येत नाही. त्याऐवजी त्याच वयाच्या दुसऱ्या पॅकमधला, क्षमता मोजून जुळवलेला सेल बसवा. तसा मिळत नसेल आणि पॅकची मोजलेली क्षमता मूळच्या सत्तर टक्क्यांच्या खाली आली असेल, तर सगळेच सेल बदला. पाटी, वायर आणि डबा तोच चालतो.